मराठवाड्यात ब्रँड उभा करताना आणि माणसं जोडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लाकडी घाण्याचं तेल काढणारे, पापड-शेवया करणारे बचत गट, शेतीचे व्हिडिओ टाकणारी पोरं, लग्नाचे फोटोग्राफर, हिमरू-पैठणी विकणारे, क्लासवाले. आठही जिल्ह्यांतून येणारे प्रश्न साधारण सारखेच असतात, म्हणून ते इथं एकत्र केले आहेत. क्रमाला अर्थ नाही. ज्याचं जिथं अडलंय त्यानं तेवढंच वाचलं तरी चालेल.

धंदा नवा आहे. आधी लोगो करून घेऊ, इन्स्टाचं पेज काढू, की थेट माल विकायला लागू?

माल विकायला लागा. पहिल्या वर्षी लोगोवर मोठा खर्च करणाऱ्याला मी तरी अडवतो. सुरुवातीची विक्री मामा, मेहुणा, शाळेतले मित्र यांच्यातच होते. ती कौतुकाची असते, तिच्यावरून काही ठरत नाही. ओळख ना पाळख अशा माणसानं दुसऱ्यांदा मागवलं की तिथून मोजायला सुरुवात करायची. तोवर छापील पाऊचची मोठी ऑर्डर देऊ नका, साध्या पाऊचवर स्टिकर चालतो. पत्ता नाहीतर वजन बदललं की छापलेला गठ्ठा घरात पडून राहतो.

तीन गोष्टी मात्र पहिल्या दिवशीच पक्क्या करा आणि मग हलवू नका: नाव, ते लिहायची पद्धत आणि फोन नंबर. दुकानाच्या पाटीवर ‘श्री’, बिलावर ‘न्यू’ आणि यूट्यूबवर पोराचं नाव, असं आपल्याकडं फार चालतं. गिऱ्हाईक शोधतं एक आणि त्याला सापडतं भलतंच.

नावात गावाचं नाव घ्यावं का? पैठण, तुळजापूर, बीड ही नावं तर सगळ्यांना माहीत आहेत.

घ्या, पण ते तुमच्या एकट्याचं होणार नाही हे धरून चाला. १९९९च्या ट्रेडमार्क कायद्यानुसार नुसतं ठिकाण सांगणारं किंवा मालाचं वर्णन करणारं नाव सहसा नोंदलं जात नाही. ‘बीड सीताफळ रबडी’ असं नाव ठेवलंत तर उद्या शेजारीही तेच लिहील आणि तुम्हाला त्याला अडवता येणार नाही. गावाच्या जोडीला स्वतःचा एक शब्द हवा. देवादिकांच्या नावांचंही तेच आहे. तुळजाभवानीच्या नावाची दुकानं धाराशिवपासून किनवटपर्यंत सापडतील. श्रद्धेनं ठेवायचं तर जरूर ठेवा, पण त्या नावानं तुम्ही गर्दीतून वेगळे दिसणार नाही.

नोंदणीचा अर्ज ऑनलाइन होतो. एकटी व्यक्ती किंवा लघुउद्योग असेल तर एका वर्गासाठी सरकारी शुल्क ४,५०० रुपये आहे. मालाचे आणि सेवांचे मिळून ४५ वर्ग आहेत. तेलाचा वर्ग वेगळा, कापडाचा वेगळा, क्लासचा वेगळा. नोंदणी १० वर्षं टिकते, पुढं नूतनीकरण करता येतं. अर्ज करण्याआधी तसंच नाव कुणी घेतलंय का ते ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर शोधा, हा शोध फुकट असतो. नोंदणी होईपर्यंत नावापुढं ‘टीएम’ लावता येतं. गोलातला ‘आर’ नोंदणी मिळाल्यावरच लावायचा, त्याआधी लावला तर तो गुन्हा ठरतो.

भौगोलिक मानांकन, म्हणजे आपण ज्याला जीआय म्हणतो, ती वेगळी गोष्ट. पैठणीला ते २०१० मध्ये मिळालं. २०१६ मध्ये मराठवाड्याचा केशर आंबा, बीडचं सीताफळ आणि जालन्याची मोसंबी यांना मिळालं. अलीकडं कुंथलगिरीचा खवा, वसमतची हळद, बोरसुरीची तूरडाळ आणि पानचिंचोलीची चिंचही त्या यादीत आली. हे नाव त्या भागातल्या सगळ्या उत्पादकांचं सामायिक असतं. पण तुमची बाग त्या भागात आहे एवढ्यानं चिन्ह लावायचा हक्क येत नाही. ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतःची नोंद करून घ्यावी लागते. शुल्क नाममात्र आहे, तरी बरेच शेतकरी ही नोंद करतच नाहीत आणि मग ‘जीआय मिळून आम्हाला काय फायदा झाला’ म्हणतात.

पैठणीकडं जरा बघा. नाव पैठणचं, पण मागांची गर्दी आणि गिऱ्हाइकांची रीघ आज येवल्यात, म्हणजे नाशिक जिल्ह्यात आहे. तिथं घराघरात माग आहेत. गिऱ्हाईक मागापाशी बसून विणकाम बघतं आणि तिथंच पदर निवडतं. मूळ गाव आपलं आहे म्हणून गिऱ्हाईक वाट वाकडी करून आपल्याकडं येत नाही.

‘लातूर पॅटर्न’ची कुणी जाहिरात केली नव्हती. मग ते नाव एवढं मोठं कसं झालं?

हा माझ्या आवडीचा प्रश्न आहे, म्हणून उत्तर लांबेल.

लातूर पॅटर्नला लोगो नाही आणि मालकही नाही. राजर्षी शाहू महाविद्यालय आणि शहरातल्या इतर कॉलेजांनी जादा तास, सतत चाचण्या आणि उत्तरपत्रिका लिहिण्याचा सराव यांचा धडाका लावला आणि बोर्डाच्या गुणवत्ता यादीत लातूरची मुलं दिसू लागली. निकाल कॉलेजनं सांगितला नाही, बोर्डानं सांगितला आणि पेपरांनी छापला. तुमच्या कामाची साक्ष तिसऱ्या माणसानं दिली की ती किती चालते ते इथं दिसतं.

त्याहून महत्त्वाचं पुढं घडलं. बाहेरगावची मुलं आली. त्यांच्यासाठी खोल्या भाड्यानं निघाल्या, मेस चालू झाल्या, झेरॉक्सची दुकानं वाढली. कित्येक घरांतल्या आया दोन वर्षं खोली घेऊन मुलापाशी राहिल्या. सुट्टीत गावी गेल्यावर त्याच भाऊबंदांना सांगायच्या की कुठला क्लास, कुठली गल्ली, कुणाची मेस. खोलीमालकाला, मेसवाल्या मावशीला, रिक्षावाल्याला, सगळ्यांनाच या नावात आपापला फायदा दिसत होता, म्हणून सगळ्यांनी ते उचलून धरलं. तुमच्या नावाचा प्रसार कुणी करावा असं वाटत असेल तर त्यात त्याचं काय भलं होतं ते आधी शोधा. लाइकच्या बदल्यात लकी ड्रॉ काढून ते होत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. मालक नसलेलं नाव कुणीही वापरतं. ‘लातूर पॅटर्न’ अशी पाटी लावलेले क्लास लातूरबाहेर कुठंही दिसतात आणि आत काय शिकवतात यावर कुणाचाच ताबा नाही.

जालन्याची गोष्ट थोडी वेगळी. बद्रीनारायण बारवाले यांनी ‘पुसा सावनी’ भेंडीच्या बियाण्यापासून सुरुवात केली, १९६४ मध्ये महिको ही बियाणे कंपनी उभी राहिली आणि १९९८ मध्ये त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. बियाण्याची पिशवी बघून शेतकऱ्याला आतलं काही कळत नाही. कळतं ते उगवल्यावर, आणि तोवर हंगाम हातातून गेलेला असतो. म्हणून शेतकरी शेजाऱ्याच्या रानात काय आलंय ते बघून ठरवतो. बियाणे कंपन्या आजही बांधावर पाटी लावून पीक दाखवतात, गावाला जमवून शिवारफेरी काढतात. तुमचा माल वापरल्याशिवाय कळत नसेल, म्हणजे तेल, हळद, क्लास किंवा फोटोग्राफी असेल, तर तुम्हालाही हीच वाट आहे. घाण्याचं दार उघडं ठेवा. करडई आत जाताना आणि तेल बाहेर येताना लोकांना उभं राहून बघू द्या.

रील मराठवाडी बोलीत करू की ‘शुद्ध’ मराठीत?

घरी ज्या बोलीत बोलता तिच्यात करा. ‘नमस्कार मित्रांनो, आजच्या व्हिडिओमध्ये आपण पाहणार आहोत’ हे सुरू झालं की बघणारा पुढं सरकतो. ‘काय मंग, पेरलं का?’ म्हटलं की थांबतो. फक्त ओढूनताणून आणू नका. लातूर-नांदेडकडचं ‘काय करायलास’ वेगळं, बीड-जालन्याकडचं ‘कामून’ वेगळं, संभाजीनगरातल्या जुन्या मोहल्ल्यांची दख्खनी मिसळलेली मराठी आणखी वेगळी. तुम्ही कुठले ते ऐकणाऱ्याला दोन वाक्यांत कळतं आणि उसनी बोलीही तेवढ्याच लवकर कळते.

एक धोका आहे. बोली फक्त हसवायला वापरली, गावाकडचा माणूस म्हणजे बावळट असं पात्र रंगवलं, तर फॉलोअर भराभर वाढतात. पुढं त्याच पात्रानं ‘आमचं तूप घ्या’ म्हटलं की लोक तेही विनोद म्हणूनच बघतात. त्या पात्रातून बाहेर पडणं फार अवघड जातं.

लेबल, दरपत्रक आणि माल परत घेण्याचे नियम मात्र प्रमाण मराठीत लिहा. व्हिडिओखालच्या ओळीही तशाच ठेवा. पुष्कळ लोक आवाज बंद करून बघतात, आणि कोकणातल्या गिऱ्हाइकाला ‘कामून’ कळेलच असं नाही.

यूट्यूबचे पैसे कधी सुरू होतात?

जाहिरातींच्या पूर्ण वाट्यासाठी १,००० सबस्क्राइबर आणि मागच्या १२ महिन्यांत ४,००० तास पाहिलेला वेळ लागतो, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज. ५०० सबस्क्राइबरवर एक आधीचा टप्पा आहे. त्यात मेंबरशिपसारख्या सोयी मिळतात, जाहिरातींचा वाटा नाही. पुढं मोठ्या व्हिडिओच्या जाहिरातीतले ५५ टक्के तुम्हाला मिळतात, शॉर्ट्सचे ४५.

हे आकडे पाठ करून धंद्याचं गणित मांडू नका. मराठीतल्या शेतीच्या चॅनलला जाहिरातीचा दर इंग्रजीतल्या पैशांविषयीच्या चॅनलसारखा मिळत नाही. चॅनल चांगलं चाललं तर मोबाइलचं बिल आणि पेट्रोल सुटेल, कधी त्याहून जास्त. घर चालतं ते चॅनलमुळं विकल्या गेलेल्या रोपांवर, शेळ्यांवर, तेलावर, घेतलेल्या प्रशिक्षणांवर. उस्मानाबादी शेळीपालनाचा चॅनल असेल तर बोकड विकत घेणारी दहा माणसं लाखभर व्ह्यूजपेक्षा जास्त देऊन जातात.

किती फॉलोअर झाले म्हणजे ब्रँड झाला?

या प्रश्नाला उत्तर नाही. पुन्हा ऑर्डर किती आल्या आणि ‘अमक्यानं सांगितलं म्हणून फोन केला’ असं किती जण म्हणाले, हे दोन आकडे वहीत लिहीत चला. विकत घेतलेले फॉलोअर तर घेऊच नका, ते गंगाखेडला तुमचा गूळ घ्यायला येत नाहीत.

व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढू, ब्रॉडकास्ट करू की चॅनल?

तिन्हींची कामं वेगळी आहेत. ब्रॉडकास्टच्या एका यादीत २५६ जण बसतात आणि ज्यानं तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. ही अट तुमच्या फायद्याची आहे, कारण नंबर सेव्ह करणारा माणूस खरंच गिऱ्हाईक असतो. पहिला माल देतानाच सांगा, ‘ताई, नंबर सेव्ह करा, पुढच्या घाण्याला कळवतो.’ ग्रुपमध्ये १,०२४ जण मावतात, पण एवढ्या मोठ्या ग्रुपात कुणी तोंड उघडत नाही. चॅनलवर कितीही लोक येऊ शकतात, मात्र तिथं तुम्ही सांगायचं आणि त्यांनी ऐकायचं, एवढंच. भाव, तारखा आणि ‘माल संपला’ या सूचनांना चॅनल ठीक. दुकानासाठी बिझनेस अ‍ॅप घ्या. ते फुकट आहे आणि त्यात मालाची यादी फोटो-किमतीसकट लावता येते.

गावाच्या, भावकीच्या, शाळेच्या ग्रुपवर रोज जाहिरात टाकू नका. लोक स्पष्ट बोलत नाहीत, नुसता ग्रुप म्यूट करतात. तिथं कुणी विचारलं तरच उत्तर द्या.

वेळ पाळा. मृगाचा पाऊस पडला की पंधरा दिवस कुणाचं फोनकडं लक्ष नसतं. सोयाबीन विकून हातात पैसा येतो तो दिवाळीच्या आगेमागे. बीडच्या बाजूला दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या की गावंच्या गावं रिकामी होतात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मुंबईच्या जाहिरात कंपनीचं कॅलेंडर घेऊन तुम्ही जानेवारीत त्या गावांत सेल लावलात तर माल घेणार कोण?

ग्रुप काढला, तीनशे जण आहेत, पण बोलतो मी एकटाच. लोकांना बोलतं कसं करायचं?

पहिलं म्हणजे ‘शुभ सकाळ’ बंद करा आणि राजकारण येऊ देऊ नका. हा नियम लिहून वर चिकटवा, आणि मोडणारा सख्खा चुलतभाऊ असला तरी त्याला काढा. एकदा काढलेला लोकांनी पाहिला की पुढं काढायची वेळ येत नाही.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या मालाविषयी गप्पा मारायला कुणी ग्रुपमध्ये येत नाही. लोकांची स्वतःची अडचण असते आणि ती सोडवणारा त्यांच्यातलाच दुसरा कुणीतरी असतो. त्या दोघांची गाठ घालून देणं एवढंच तुमचं काम. जालन्याच्या एखाद्या मोसंबीवाल्यानं फळगळीचा फोटो टाकला तर लगेच स्वतः उत्तर देऊ नका. ‘मागच्या बहाराला पैठणकडच्या कुणाला हे झालं होतं, त्यांनी काय केलं?’ असं विचारा आणि थांबा. दोन तास कुणी बोललं नाही तरी थांबा. मग एकजण बोलतो आणि पाठोपाठ दुसरा म्हणतो, ‘तसं नव्हं, मी येगळं केलं.’ ग्रुप जागा होतो तो इथं. तुम्ही आठवडाभर गप्प राहिलात आणि तरी तिथं बोलणं चालू राहिलं, तर माणसं जोडली गेली असं समजा.

वर्षातून दोनदा तरी समोरासमोर भेटा. मराठवाड्यात त्यासाठी वेगळं निमित्त शोधावं लागत नाही. थंडीत हुरडा आहे, गावोगावचे सप्ताह आहेत, मार्गशीर्षात माळेगावची खंडोबाची जत्रा आहे, पैठणची नाथषष्ठी आहे. ज्वारी उभी असलेल्या रानात पन्नास गिऱ्हाइकांना हुरडा खायला बोलवा. वर्गणी घेतलीत तरी लोक येतात. आणि त्या दिवशी काही विकू नका. परतताना लोक स्वतःहून विचारतात.

स्टुडिओतला रिंग लाइट, रोज एक पोस्ट, ‘एंगेजमेंट वाढवण्याचे सात मंत्र’ या सगळ्याबद्दल मला विचारतात. वेळ उरला तर करा.

आमचा बचत गट आहे. गटाच्या नावानं विकावं की प्रत्येकीनं आपल्या नावानं?

गटाचं नाव एकत्र विक्रीला, बँकेला आणि सरकारी प्रदर्शनाला उपयोगी पडतं. ‘उमेद’ या बचत गटांसाठीच्या सरकारी अभियानातून मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनाला जायचं तर गटच लागतो. अडचण येते ती चवीची. दहा घरांत लाटलेला पापड दहा चवींचा होतो. सरसला घेतलेला पापड आवडला म्हणून गिऱ्हाइकानं फोन केला आणि या वेळी दुसऱ्या घरचा गेला, की तक्रार येते आणि ती सगळ्या गटावर येते.

यावरून ज्या गटांत भांडणं होतात तिथं मी एवढंच सुचवतो: पीठ आणि मसाला एकाच ठिकाणी, मापानं, ठरलेल्या दोघींनीच मळायचा. लाटायचं काम घरोघरी वाटून घ्या. पाकिटावर आतून लहान खूण करा, म्हणजे माल कुठल्या घरचा ते गटाला कळेल. गिऱ्हाइकाला ते कळायची गरज नाही. आणि जिचा हात सगळ्यात चांगला आहे तिला मळण्याचे जास्त पैसे द्या. सगळ्यांना सारखं द्यायच्या नादात चांगल्या हाताची बाई गट सोडून जाते आणि चव तिच्याबरोबर जाते.

व्हिडिओत बोलायला कुणाला पुढं करायचं यावरूनही रुसवेफुगवे होतात. पाळी लावा.

‘दुष्काळी भागातल्या शेतकऱ्याकडून घ्या’ असं लिहिलं तर शहरातले लोक घेतात. लिहावं का?

घेतात, एकदा. १९७२ चा दुष्काळ, १९९३ चा किल्लारीचा भूकंप, २०१६ मध्ये लातूरला रेल्वेनं आणलेलं पाणी, या बातम्यांतूनच बाहेरच्यांना मराठवाडा माहीत झाला. त्या कणवेवर माल विकला तर गिऱ्हाईक तो मदत म्हणून घेतं, आणि मदत माणूस दर महिन्याला करत नाही. शिवाय दया म्हणून घेतलेल्या मालाचा दर्जा कुणी तुम्हाला खरा सांगत नाही. डाळ शिजायला वेळ घेते हे तुम्हाला कळायला पाहिजे, पण ‘जाऊ दे, बिचारे’ म्हणून ते गप्प बसतात.

कोरडवाहू रानाची खरी गोष्ट जरूर सांगा. कमी पाण्यावर ज्वारी, तूर, करडई येते, परभणीच्या वसंतराव नाईक कृषी विद्यापीठाची ‘परभणी कुसुम’ ही करडई, तेलाचा वास, डाळीचा रंग. एवढं सांगण्यासारखं असताना रडगाणं कशाला?

पाऊस गेला आणि माल कमी आला तर तसं सांगा. ‘यंदा अर्धंच तेल आहे, जुन्या गिऱ्हाइकांना आधी देणार’ म्हणा. बाहेरून तेल आणून आपल्या बाटलीत भरू नका. आपल्या भागात घाणा किती वेळ चालला हे शेजारपाजाऱ्याला बरोबर माहीत असतं.

पैसे घेऊन एखाद्या खताची, क्लासची जाहिरात केली तर ते सांगावंच लागतं का?

हो. जाहिरात मानक परिषदेची, म्हणजे आस्कीची, इन्फ्लुएन्सरसाठीची नियमावली २०२१ मध्ये आली. पैसे, वस्तू, फुकट सहल, काहीही घेतलं असेल तर ‘जाहिरात’ असं पहिल्याच नजरेत दिसेल असं लिहायचं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्यांदा १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकतं. हा दंड जाहिरात करणाऱ्या चेहऱ्यालाही लागू आहे. एकाच कंपनीकडून वर्षात २०,००० रुपयांहून जास्त किमतीच्या वस्तू भेट मिळाल्या तर त्यावर १० टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापला जाणारा कर, लागतो, हेही धरा.

कायद्याच्या आधी शेजारी आहे. तुमच्या सांगण्यावरून कुणी औषध फवारलं आणि कापूस जळला, तर तो ग्रुप सोडून जाणार नाही, दारात येईल. स्वतःच्या रानात एक हंगाम वापरल्याशिवाय कुठल्याही फवारणीचं नाव घेऊ नका. सट्ट्याची आणि ‘दिवसाला पाच हजार कमवा’ वाली अ‍ॅप तर कितीही पैसे मिळोत, नकोच.

कागदपत्रं कुठली लागतात?

खाण्याचा माल असेल तर एफएसएसएआय, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा कागद. लहान उत्पादकाला नोंदणी, मोठ्याला परवाना. दोन्हींचा १४ आकडी क्रमांक पाकिटावर छापायचा. बंद पाकिटावर उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, कमाल किंमत, उत्पादनाचा महिना-वर्ष आणि तक्रारीचा नंबर हवा. जीएसटी वस्तूंसाठी वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपासून आणि सेवांसाठी २० लाखांपासून. पण महाराष्ट्राबाहेर वस्तू विकत असाल तर ही सूट साधारणपणे मिळत नाही. हैदराबाद आपल्याला जवळ, नांदेड-उदगीरचा बराच माल तिकडं जातो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. उद्यम, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट आहे. तिचे पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून लांब राहा.

गिऱ्हाईक इथलं धरू की पुण्या-मुंबईचं?

पुण्यातलं, पण इथलंच. चाकण, पिंपरी, हिंजवडी इथं कामाला गेलेली मराठवाड्याची माणसं हे तुमचं सगळ्यात सोपं गिऱ्हाईक आहे. त्यांना माल समजावून सांगावा लागत नाही. धपाट्याचं पीठ, येसर, ज्वारी म्हटलं की पुरे. आणि ऑफिसच्या डब्यात तुमची ओळख नव्या माणसाला तेच करून देतात.

माल पोचवायला बहुतेक जण रात्रीच्या ट्रॅव्हल्स वापरतात. स्वस्त पडतं, पण गिऱ्हाइकाला पहाटे पाचला रस्त्यावर उभं राहावं लागतं, म्हणून दिवाळीची मोठी ऑर्डर सोडली तर कुरिअर किंवा पोस्टाचं पार्सल बरं. तेल काचेच्या बाटलीत पाठवू नका.

कमेंटमध्ये कुणी वाईट लिहिलं, किंवा कुणी आमची नक्कल केली तर?

तक्रार खरी असेल तर सगळ्यांसमोर एक ओळ: ‘चूक झाली, नंबर पाठवा, बदलून देतो.’ बाकी बोलणं फोनवर. कमेंट पुसू नका. शिवीगाळ करणाऱ्याला ब्लॉक करा आणि उत्तर देऊ नका. जातीवरून कुणी सुरू झालं तर लगेच, दुसरी संधी न देता.

नक्कल मालाची असेल तर सोडून द्या, शेंगदाण्याची चटणी कुणालाही करता येते. नावाची असेल आणि ट्रेडमार्क नोंदला असेल तर वकिलाची नोटीस पाठवा. बहुतेक ठिकाणी प्रकरण तिथंच मिटतं.

एआयनं बनवलेले फोटो वापरू का?

कार्यक्रमपत्रिका, बॅनर, कॅप्शन यांना वापरा. मालाच्या फोटोला नको. केशर आंब्याच्या पेटीत डाग असलेलं एखादं फळ निघतंच. चकचकीत फोटो बघून मागवणारा तेवढ्यावर चिडतो, खरा फोटो बघितलेला चिडत नाही.

मदत कुठं मिळते?

संभाजीनगरात सीएमआयए या उद्योजकांच्या संघटनेनं उभं केलेलं ‘मॅजिक’ नावाचं इन्क्युबेशन केंद्र आहे. कल्पना तंत्रज्ञानाची असेल तर तिथं जा. खाद्यप्रक्रियेसाठी केंद्राच्या पीएमएफएमई योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान ठेवलेलं आहे. आत्ता अर्ज चालू आहेत का ते जिल्हा कृषी अधीक्षक कार्यालयात विचारून मगच धावपळ करा. कृषी विज्ञान केंद्रांत प्रक्रिया आणि पॅकिंगची प्रशिक्षणं होतात. अनुदान मिळणार म्हणून यंत्र घेऊ नका. यंत्र लागतंय म्हणून अनुदान शोधा.

इन्स्टा किंवा व्हॉट्सअ‍ॅपचं अकाउंट हॅक झालं, बंद पडलं तर सगळं जाईल का?

गिऱ्हाइकांची नावं दुसरीकडं लिहिलेली नसतील तर जाईल. धंद्यासाठी वेगळं सिम घ्या आणि ते स्वतःच्या आधारवर घ्या, भाच्याच्या नाही. दोन्ही अ‍ॅपमध्ये दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. ओटीपी कुणालाही सांगू नका, ‘ब्लू टिक देतो’ म्हणणाऱ्याला तर नाहीच. पासवर्ड पेज चालवणाऱ्या पोराच्या एकट्याच्या डोक्यात नको, त्याचं लग्न ठरलं किंवा त्याला पुण्यात नोकरी लागली की पंचाईत होते. आणि दर महिन्याच्या शेवटी नाव, गाव, फोन, काय घेतलं आणि कधी, एवढं एका वहीत उतरवून काढा. त्या लोकांना विचारून घ्या की कळवण्यासाठी नंबर ठेवला तर चालेल ना. वही घरात ठेवा, दुकानात नको.